बोटीवरचे जेवण
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



पंधरा दिवसांपूर्वी अध्यक्षीणबाई मला म्हणाल्या, "तुम्ही गोव्याला जाऊन आलात, त्या सहलीवर वर्धापनदिनाला चार शब्द बोला." मी म्हटले, मला भाषण येत नाही, माझे शिक्षण सातवीपर्यंतच. त्या हसून म्हणाल्या, "मग सातवीपर्यंतच का झाले, तेही सांगा." त्या सहज बोलून गेल्या, पण त्या बोलण्याने माझी झोप उडाली. कारण गोव्याची सहल आणि माझी सातवी या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, आणि तो मी आजपर्यंत कुणालाच सांगितलेला नाही.

सहल झाली डिसेंबर 2024 मध्ये. यांना पन्नास वर्षे पूर्ण होत होती. आमच्या घरी वाढदिवस म्हणजे सकाळी औक्षण आणि दुपारी शिरा, यापुढे मजल कधी गेली नाही. पण धाकटे भाऊजी आपल्या इथल्या औद्योगिक वसाहतीत कंपनीत आहेत, हात मोकळा आहे आणि थोरल्या भावावर जीव आहे. ते म्हणाले, "दादाने आमच्यासाठी आयुष्यभर शेतात राबून काढले. पन्नाशी एकदाच येते. दादाला समुद्र दाखवायचा." सासूबाईंनी घर सांभाळायचे कबूल केले आणि आम्ही निघालो. आम्ही दोघे, आमचा मुलगा, भाऊजी, जाऊबाई आणि त्यांची दोन मुले.

समुद्र पाहिला, मंगेशीचे दर्शन घेतले, शांतादुर्गेची ओटी भरली. त्यावर मी तासभर बोलू शकेन, पण ते तुमच्यापैकी पुष्कळजणींनी पाहिले आहे. मी सांगणार आहे ते एका संध्याकाळच्या जेवणाविषयी.

पणजीला मांडवी नदीत मोठमोठ्या बोटी उभ्या असतात. रात्री त्यांच्यावर इतके दिवे लागतात की नदीत दिवाळी आहे असे वाटावे. त्यांना कॅसिनो म्हणतात. कॅसिनो म्हणजे सरकारी परवान्याने चालणारे जुगारघर. गोव्याने 1976 च्या आपल्या जुगारबंदीच्या कायद्यात 1992 साली दुरुस्ती करून मोठ्या हॉटेलांत जुगाराची यंत्रे ठेवू दिली, आणि 1996 साली पाण्यावरच्या बोटींत पत्ते आणि चाकाचा खेळ चालू दिला. हे मला मागाहून कळले. त्या दिवशी भाऊजी एवढेच म्हणाले, "वहिनी, खेळायचे नाही. तिकिटातच जेवण आहे. हवे ते खा, हवे तितके खा. वर गाणेबजावणे आहे. दादाचा वाढदिवस थाटात होईल." तिकीट माणशी साडेतीन हजार रुपये. मी मनात म्हटले, पाच मोठ्या माणसांचे साडेसतरा हजार झाले, हे जेवण फुकट कसे? पण आनंदाच्या प्रसंगी हिशेब बोलून दाखवू नये, म्हणून गप्प बसले.

धक्क्यावर सामान तपासले. मी पिशवीत ताम्हन, निरांजन, अक्षता, सुपारी आणि काड्यापेटी घेतली होती. काड्यापेटी काढून ठेवायला लावली. बोटीवर जाळ चालत नाही. ते बरोबरच होते. मग लहान होडीतून मोठ्या बोटीवर गेलो. आत शिरल्यावर मला पहिल्यांदा काय जाणवले असेल, तर तिथे कुठे घड्याळ नव्हते. खिडक्यांना जाड पडदे. बाहेर संध्याकाळ आहे की मध्यरात्र, काही कळायला मार्ग नाही. लहान मुलांसाठी वेगळी खोली होती. 21 वर्षांच्या आतल्यांना खेळाच्या दालनात सोडत नाहीत.

जेवणाचे काय वर्णन करू? चाळीसएक पदार्थ मांडलेले. एका कोपऱ्यात पांढऱ्या टोपीचा आचारी मांसाचे तळहाताएवढे जाड तुकडे तव्यावर नुसते मीठ-मिरीत भाजत होता. त्याला स्टेक म्हणतात. जाऊबाईंनी आधी विचारून घेतले की मांस कशाचे. कोंबडीचे म्हटल्यावर भाऊजींनी यांच्यासाठी मागवले. तापलेल्या बिडाच्या तव्यावर चर्र आवाज करीत ते आले. सुरी-काट्याने कापायला गेले तर तुकडा उडाला तो जाऊबाईंच्या पदरावर. मग यांनी सरळ हाताने खायला सुरुवात केली आणि म्हणाले, "चांगले आहे, पण याला बाजरीची भाकरी आणि आपला रस्सा हवा." सगळे खूप हसलो. केक कापला, वाद्यवाल्यांनी इंग्रजी गाणे म्हटले. मी ताम्हन काढले. ज्योत नव्हती, तेव्हा नुसती सुपारी आणि माझ्या बोटातली अंगठी यांनी ओवाळले. हे पन्नास वर्षांचे गृहस्थ, पण त्यांचे डोळे भरून आले. तो क्षण खरा होता, भगिनींनो. मी पुढे जे सांगणार आहे, त्यामुळे तो खोटा होत नाही.

पण एक गोष्ट माझ्या मनाला लागून राहिली. वाढपी सारखा येऊन आग्रह करीत होता. आणखी घ्या, हे घ्या, ते पेय घ्या. आपल्या लग्नाच्या पंगतीतही आग्रह होतो, पण तिथे मागे यजमान हात जोडून उभा असतो. तो घरमालक, त्याचे धान्य, त्याच्या घरचे कार्य. मी इकडेतिकडे पाहिले. इथला यजमान कोण? कोण इतक्या प्रेमाने आम्हांला जेवू घालतो आहे? वाढपी गोव्याचाच होता. मी त्याला विचारले, "तुमच्या गावची माणसे येतात का इथे?" तो म्हणाला, "नाही बाई. गोव्याच्या माणसाला इथे खेळायला बंदी आहे." फेब्रुवारी 2020 पासून गोवा सरकारने तसा नियम केला आहे. म्हणजे पहा, ज्यांच्या नदीत बोट उभी, त्यांनी आपल्या लेकरांना त्यापासून दूर ठेवले, आणि ताट वाढले ते बाहेरून आलेल्या आपल्यासारख्यांसाठी.

ही युक्ती जुनीच आहे. अमेरिकेत नेवाडा राज्याने 1931 साली जुगार कायदेशीर केला. तिथल्या लास व्हेगास शहरातली जुगारघरे पुष्कळ वर्षे अगदी स्वस्तात मांसाचे पोटभर जेवण देत असत. जेवणात त्यांना तोटा येई, पण गिऱ्हाईक बाहेर जात नसे. स्वयंपाकघराचा तोटा शेजारच्या खोलीत भरून निघे.

केक वाटताना माझ्या लक्षात आले की मुलगा जागेवर नाही. तो तेव्हा बावीस वर्षांचा. तंत्रनिकेतनातून पदविका घेऊन इथेच कंपनीत कंत्राटावर लागलेला. मी त्याचा वाटा बशीत घेऊन शोधायला गेले. तो चाकापाशी उभा होता. तिकिटाबरोबर थोड्या रंगीत टिकल्या खेळायला मिळतात. त्यांचे पैसे होत नाहीत, त्या लावायच्याच असतात. त्या केव्हाच संपल्या होत्या. त्याने आपल्या पैशाच्या टिकल्या घेतल्या होत्या. मी हाक मारली. तो न वळता म्हणाला, "आई, दोन मिनिटं." मी बाजूने त्याचा चेहरा पाहिला आणि माझ्या हातातली बशी कलंडली. तो चेहरा माझ्या मुलाचा नव्हता. तो माझ्या वडिलांचा होता.

आता माझी सातवी सांगते. माझे माहेर श्रीगोंदे तालुक्यातले. वडील कष्टाळू, देवभोळे. आम्हां मुलांवर त्यांनी कधी हात उगारला नाही. बलिप्रतिपदेला द्यूतप्रतिपदाही म्हणतात. त्या दिवशी चार डाव खेळण्याची गावात रीत होती. वडिलांचे त्या चार डावांचे पुढे बारा महिने झाले. देवळामागे घोंगडे अंथरून तीन पत्ती चाले. मी त्यांना जेवायला बोलवायला जाई, आणि ते न वळता म्हणत, "दोन मिनिटं थांब, बाळ." 1992 साली मी सातवी पास झाले, वर्गात दुसरी आले. त्याच उन्हाळ्यात आमची खिल्लारी बैलजोडी दावणीवरून गेली. आठवीची शाळा पाच कोसांवर होती. मुलींना फी माफ होती, पण एस.टी.चा पास, वह्या, गणवेश यांना पैसे लागत. आणि बैल गेल्यावर आई आणि मी दोघी दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाऊ लागलो.

माझ्या आईने लोकांना काय सांगितले, माहीत आहे? बैलांना रोग आला म्हणून विकले, आणि मुलगी मोठी झाली म्हणून शाळेतून काढली. दोन्ही खोटे. पण दुसरे खोटे सगळ्यांना लगेच पटले! शिक्षकांनाही पटले. कुणी म्हणून विचारले नाही. आईने घराची अब्रू झाकली. झाकता झाकता पुढच्या चार वर्षांत अर्धे रानही गेले. वडील अखेरपर्यंत सुधारले नाहीत. सुधारावे असे त्यांना सांगायला कुणी नव्हतेच, कारण कुणाला माहीतच नव्हते.

तर मी त्या चाकापाशी उभी राहिले. सातवीचे गणित मला अजून येते. चाकावर 0 पासून 36 पर्यंत आकडे, म्हणजे 37 घरे. एका आकड्यावर 100 रुपये लावले आणि तोच आला, तर आपले 100 परत आणि वर 3500, असे 3600 हाती येतात. आता सगळ्याच 37 घरांवर शंभर शंभर लावून पहा. गेले 3700, आले 3600. चाक कुठेही थांबो, शंभर रुपये त्यांचे. एखाद्या डावात एखादा जिंकतो, तो ओरडतो, सगळे त्याच्याकडे पाहतात. पण रात्रभर चाक फिरत राहिले की प्रत्येक सदतीस रुपयांमागे एक रुपया हळूच दुसरीकडे जाऊन बसतो. काही चाकांवर तर शून्ये दोन असतात. मला मघाचा यजमान सापडला. ते शून्याचे घर, तोच आमचा यजमान. त्यानेच आम्हांला जेवू घातले होते.

परत येताना लहान होडीत मी मुलाला हा हिशेब सांगितला. मला वाटले होते, तो म्हणेल, "खरेच की, हे माझ्या लक्षात आले नव्हते." तो थोडा वेळ पाण्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "आई, हे गणित मला येते. तुझ्याहून जास्त येते. येऊनही हात थांबत नाही." आणि मग होडीतच, वडिलांच्या आणि काकांच्या देखत, त्याने सगळे सांगितले. त्या रात्री नऊ हजार गेले होते. पण ते काहीच नव्हते. मोबाइलवर पैसे लावून रमी खेळण्यात त्याचे दहा महिन्यांत बासष्ट हजार गेले होते. त्यांतले निम्मे मोबाइलवरूनच कर्जाऊ घेतलेले. आम्ही समजत होतो, पोरगा रात्रपाळीहून येऊन फोनवर गाणी ऐकतो.

हे काही बोलले नाहीत. धक्क्यावर उतरल्यावर त्यांनी मुलाच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "सांगितलेस ते बरे केलेस. माझा वाढदिवस साजरा झाला." भाऊजी मात्र रडले. "मीच त्याला तिथे नेले" असे म्हणत राहिले. मी म्हटले, "भाऊजी, बोटीवर नेले म्हणून निदान दिसले तरी. तो जुगार तर रोज आपल्या घरात, पांघरुणाखाली चालू होता."

घरी आल्यावर आम्ही सगळे बसलो. सगळी देणी कागदावर मांडली. त्याचा पगार माझ्या खात्यात येऊ लागला. साधा फोन घेतला. जिल्ह्याच्या ठिकाणी मनाच्या डॉक्टरांना दाखवले. ते म्हणाले, हा आजार आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही जुगाराच्या व्यसनाची आजारांत नोंद केली आहे. नुसत्या शपथा घालून तो जात नाही. वेळ लागतो, मध्येच पाय घसरतो, पुन्हा उठावे लागते. एप्रिल 2025 मध्ये तो एकदा पुन्हा खेळला. पण त्याच रात्री त्याने मला उठवून सांगितले. त्या रात्री मला राग आला आणि बरेही वाटले.

ऑगस्ट 2025 मध्ये केंद्र सरकारने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. आपल्या राज्यात कॅसिनोला परवानगी देणारा कायदा 1976 पासून नुसता कागदावर होता, कधी लागूच झाला नव्हता. तोही 2023 साली रद्द झाला. हे चांगलेच झाले. पण भगिनींनो, कायद्याने दुकान बंद होते, हाव बंद होत नाही. आपल्या पारनेर तालुक्याला हे शिकवायला नको. राळेगणसिद्धीने दारू हटवली ती साऱ्या गावाने एकत्र बसून. बायकांनी मतदान करून बाटली आडवी केल्याचीही उदाहरणे आपल्या राज्यात आहेत. दारू निदान दिसते. तिचा वास येतो, झोक जातो. या जुगाराला वास नाही. शेजारी बसून जेवणाऱ्या मुलाचे घर बुडत असते आणि आपण त्याला आणखी एक भाकरी वाढत असतो.

आता शेवटचे, आणि माझ्यासाठी सर्वांत अवघड. कर्ज फेडताना तीस हजार कमी पडत होते. ते मी आपल्या बचत गटातून घेतले. गटाच्या वहीत कर्जाचे कारण लिहावे लागते. मी लिहिले, "शिलाई मशीन." तुम्ही सगळ्यांनी विश्वासाने सह्या केल्यात. दोघीतिघींनी तर ब्लाउज शिवाल का म्हणून विचारले, आणि मी आज-उद्या करीत राहिले. भगिनींनो, माझ्या घरात शिलाई मशीन नाही. मी माझ्या आईसारखेच केले. ज्या झाकण्याने माझी शाळा गेली, तेच झाकणे मी तुमच्या वहीत आणून ठेवले. हप्ते मी वेळेवर भरले आहेत, आता थोडेच राहिले आहेत. पण हप्ता भरल्याने वहीतले खोटे खरे होत नाही.

इथे बोलण्याआधी मी घरात विचारले. जाऊबाई काळजीने म्हणाल्या, "त्याच्यासाठी स्थळे पाहायची आहेत. सगळ्या सुप्याला कळले, तर मुलगी कोण देईल?" त्यांचे म्हणणे खोटे नाही. मी मुलाला विचारले. तो रात्रभर विचार करून सकाळी म्हणाला, "सांग. जी मुलगी हे ऐकूनही येईल, तिला मला पुढे काही झाकावे लागणार नाही." मंडपात मागे ज्या खुर्च्या मांडल्या आहेत, त्या आज त्यानेच मांडल्या आहेत.

माझे मागणे मोठे नाही. कुणाच्या घरात असे काही असेल, तर तिने मंडळात येऊन एकीला तरी सांगावे, आणि जिला सांगितले तिने ते बाजारात नेऊ नये. सरकारने 2022 साली मनाच्या आजारांसाठी टेली-मानस नावाची फोनची सोय केली आहे. 14416 हा क्रमांक, पैसे पडत नाहीत. तो आपल्या गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवू या. कोणा मुलीची शाळा सुटली, तर "मोठी झाली म्हणून" हे उत्तर पटवून घेऊ नका. आणखी एकदा विचारा. आणि कुठे फार आग्रहाने, फार स्वस्तात जेवू घालू लागले, तर जेवा हवे तर. पण यजमान कोण, ते आधी पाहून घ्या.

वही आज अध्यक्षीणबाईंजवळ आहे. ही सभा संपल्यावर माझ्या नावापुढचे "शिलाई मशीन" खोडून मी खरे कारण लिहिणार आहे, आणि त्यापुढे तुमच्या सह्या पुन्हा मागणार आहे. द्यायच्या की नाहीत, ते तुम्ही ठरवावे.